थॅलेसीमियाच्या मुलांचं जीवनमान मोजायचंय: फॉर्म कोणता, भाषा कोणती, वेळ कोणती?

डेकेअर_बेळगाव

नमस्कार मंडळी. बालरोगाच्या एमडी प्रबंधासाठी थॅलेसीमिया मेजर (शरीर पुरेसं रक्त बनवू शकत नाही असा जन्मजात आजार) असलेल्या मुलांचं आरोग्याशी निगडित जीवनमान मोजायचं आहे. वय ५ ते १८, दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त घ्यायला डेकेअरला येणारी मुलं. एकदा आता आणि पुन्हा सहा महिन्यांनी. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातल्या लोहाचं माप), उंची-वजन फाईलमध्ये असतंच. पण मूल खेळतंय का, शाळेत टिकतंय का, रात्री झोपतंय का, हे त्यातून कळत नाही.

गाईडनी पेड्सक्यूएल (मुलांचं जीवनमान मोजायची प्रश्नावली) सुचवलंय. मुलं खानापूर, चिकोडी, निपाणी, गोकाक आणि पलीकडून चंदगड-गडहिंग्लजहून येतात. कोणाच्या घरी मराठी आणि शाळा कन्नड, कोणाची शाळा इंग्रजी, काहींच्या घरीदारी कन्नडच. सोबत कधी आई, कधी आजोबा, कधी मामा. फॉर्म कोणत्या भाषेत द्यायचा, कोणाला द्यायचा, कधी द्यायचा? आणि एक्सेलमध्ये काय सांभाळायचं?

आकडेमोड

गाईड बरोबर सांगतायत, कारण तुमचा वयोगट ५ पासून आहे. किडस्क्रीन ही दुसरी प्रश्नावली ८ ते १८ साठी आहे, म्हणजे लहान गट बाहेर पडतो. ईक्यू-५डी-वाय मध्ये पाचच प्रश्न आणि एक ० ते १०० ची पट्टी, भरायला सोपं; पण ते 'आज' कसं आहे विचारतं. सुई टोचायच्या दिवशी 'आज' विचारून काय मिळणार? सीएचयू-९डी चंही तेच, आणि ते मुळात ७ ते ११ वयासाठी बेतलेलं. ही दोन्ही साधनं खर्च-उपयुक्ततेच्या (उपचाराच्या खर्चात किती फायदा झाला) हिशोबासाठी कामाची, तुमच्या कामाला नव्हे. (ईक्यू-५डी-वाय घेतलंच तर मोठ्यांच्या ईक्यू-५डी चे भारांक (उत्तरांना द्यायचं वजन) त्याला लावू नका. प्रबंधांत हे सर्रास दिसतं.)

पेड्सक्यूएल ४.० च्या मूळ फॉर्ममध्ये २३ प्रश्न: शारीरिक ८, भावनिक ५, सामाजिक ५, शाळा ५. मुलाचा आणि पालकाचा फॉर्म वेगळा. मुलाचे तीन वयोगट: ५-७, ८-१२, १३-१८. पालकांसाठी २-४ चाही आहे. वय जन्मदाखल्यावरून किंवा शाळेच्या नोंदीवरून धरा. थॅलेसीमियात वाढ खुंटलेली असते. तेरा वर्षांचं मूल नऊचं दिसतं आणि नर्स अंदाजाने ८-१२ चा फॉर्म हातात देते.

पेड्सक्यूएल हे कोणत्याही आजारात चालणारं सर्वसाधारण साधन आहे. लोह कमी करण्याच्या औषधांचा जाच, त्या औषधाचा पंप लावून झोपणं, सारखं दवाखान्यात येणं हे त्यात थेट येत नाही. त्यासाठी ट्रॅनक्यूओएल नावाचं, नियमित रक्त घ्यावं लागणाऱ्या थॅलेसीमियासाठीच केलेलं साधन आहे. मूल, किशोर, प्रौढ आणि पालक असे वेगळे फॉर्म. दोन्ही घेतलीत तर पेड्सक्यूएल आधी, ट्रॅनक्यूओएल नंतर. उलट केलं तर आजाराची उजळणी झालेलं मूल साध्या प्रश्नांनाही त्याच नजरेने उत्तरं देतं.

मलप्रभाकाठ

भाषेबद्दल. "मराठी माणूस म्हणून मराठी फॉर्म" हे आपल्याकडे चालत नाही. वाचायची भाषा आणि मनातलं बोलायची भाषा एक असेलच असं नाही. कन्नड शाळेतलं सहावीतलं पोर देवनागरी अडखळत वाचतं, पण "मन लागत नाही" हे त्याला मराठीतच सांगता येतं. त्याला कन्नड फॉर्म दिला तर वाचेल फाडफाड, आणि भावनिक भागात सगळीकडे 'कधीच नाही' वर खूण करेल.

म्हणून आधी तीन गोष्टी विचारून लिहा: घरी कोणती भाषा, शाळेचं माध्यम कोणतं, फॉर्म कोणत्या भाषेत हवा. शेवटची निवड मुलाची. अडखळत असेल तर त्याच भाषेत तुम्ही वाचून दाखवा. सहा महिन्यांनी तीच भाषा, तीच पद्धत. पहिल्यांदा वाचून दाखवलं असेल तर तेव्हाही वाचून दाखवायचं. आईची भाषा वेगळी असली तरी हरकत नाही, फक्त नोंद हवी.

स्वतः भाषांतर करायला बसू नका. हे साधन जेम्स वार्नी यांचं, वाटप ल्योंच्या मापी रिसर्च ट्रस्टकडून होतं. तिथे अर्ज करून भाषेसह, वयोगटासह मागायचं. एखाद्या भाषेत मुलाचा ८-१२ चा फॉर्म असतो, पण तुम्हाला हवा तो पुरवणी भाग नसतो, म्हणून एकेक तपासा. परवानगीचं पत्र येईपर्यंत नैतिक समितीकडे अर्ज अडकून राहतो, तेव्हा हे काम पहिलं.

डेकेअर_बेळगाव

ट्रॅनक्यूओएल आपल्या भाषेत नसेल तर?

मलप्रभाकाठ

तर त्या साधनाच्या मालकांची परवानगी काढून रीतसर करायचं. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचं, त्यातला एक वैद्यकीय नसलेला. दोन्ही समोर ठेवून एक मसुदा. मूळ फॉर्म न पाहिलेल्या तिसऱ्याकडून उलट भाषांतर. मग पाच-सहा मुलांसमोर बसून एकेक प्रश्न वाचायचा आणि "यात काय विचारलंय, तुझ्या शब्दांत सांग" म्हणायचं. खरा माल इथेच निघतो. भाषांतरकार पुण्याचा असला तर "थकवा जाणवतो का" लिहितो. खानापूर तालुक्यातलं पोर गप्प बसतं आणि "दमायला होतंय काय" म्हटलं की लगेच मान डोलावतं. ही मुलं खेड्यातलीही हवीत. बेळगाव शहरातल्या टिळकवाडीतली पाच जमवून काम उरकू नका.

चंदगडी

एक गोष्ट कोणी बोललं नाही. सुट्ट्या.

शाळेचे पाच प्रश्न गेल्या महिन्याबद्दल आहेत. कर्नाटकात शाळा एप्रिलच्या मध्याला सुटतात आणि मेअखेर-जूनच्या सुरुवातीला भरतात. आमच्याकडे महाराष्ट्रात जूनच्या मध्याला. म्हणजे २० जूनला डेकेअरला आलेल्या खानापूरच्या मुलाला तीन आठवड्यांची शाळा आठवते, चंदगडच्याला पाच दिवसांची. तसंच तिकडे लांब सुट्टी दसऱ्याला, इकडे दिवाळीला. एकाच वॉर्डात शेजारच्या दोन खाटांवर वेगळं वेळापत्रक!

मे महिन्यात घेतलं तर "आजारपणामुळे शाळा बुडली का" ला सगळे 'कधीच नाही' म्हणणार आणि शाळेचा गुण वर चढणार. सहा महिन्यांनी नोव्हेंबरात खरी शाळा असताना तो उतरणार, आणि तुम्ही लिहिणार की प्रकृती ढासळली.

आकडेमोड

चंदगडींशी शंभर टक्के सहमत, हा मुद्दा पद्धतीच्या प्रकरणात जायला हवा. उपाय: पहिलं मोजमाप जुलै-ऑगस्ट, दुसरं जानेवारी-फेब्रुवारी. दोन्ही वेळी दोन्ही राज्यांत शाळा चालू. शिवाय 'गेल्या ३० दिवसांत शाळा किती दिवस भरली' हा रकाना स्वतंत्र ठेवा. दहा दिवसांपेक्षा कमी असेल तर शाळेचा भाग रिकामा धरायचा, असा नियम आधीच लिहून ठेवा. दहाच का, तर कुठेतरी रेघ मारावी लागते. पण ती आकडे पाहून मारायची नाही.

आणि ५-७ च्या फॉर्ममध्ये 'गेला एक महिना' नसून 'गेले काही आठवडे' आहे. ते सुधारून 'महिना' करू नका. सहा वर्षांच्या मुलाला महिना कळत नाही म्हणूनच ते तसं आहे.

फिजिओ_वॉर्ड

आता प्रत्यक्ष खाटेजवळचं. फॉर्म डॉक्टरांच्या तपासणीआधी आणि बाकी कुठलेही आजाराचे प्रश्न विचारण्याआधी भरून घ्यायचा, हे पेड्सक्यूएलच्या सूचनांतच आहे. तुमच्याकडे तो वेळ सापडतो: क्रॉसमॅचचा (रक्त जुळतं का पाहायचा) नमुना दिल्यावर रक्ताची पिशवी येईपर्यंत. नमुना काढतानाच बघा, मूल लिहितं त्या हातावर चिकटपट्टी-सुई नको. नाहीतर डाव्या हाताने खुणा होतात आणि कोणत्या गोलावर खूण आहे यावर नंतर वाद.

नेहमी रक्त चढवण्याआधीच घ्या. तेव्हा हिमोग्लोबिन खाली असतं, मूल दमलेलं असतं, गुण थोडे कमी येतील. पण सगळ्यांचे सारख्याच टप्प्यावर येतील. अर्ध्यांचे आधी आणि अर्ध्यांचे पिशवी संपल्यावर घेतलेत तर तुलना संपली. त्या दिवसाचं हिमोग्लोबिन आणि मागच्या पिशवीला किती दिवस झाले, हे दोन रकाने ठेवा.

मूल आणि पालक एकाच वेळी, पण वेगवेगळ्या जागी. पालकाला शिक्का-पावतीच्या रांगेजवळच्या बाकावर फॉर्म द्या, मूल खाटेवर. एकत्र बसवलं की आईच "नाही हो, आमचा खेळतो की चांगला" म्हणून मोकळी होते आणि पोर तेच उचलतं.

५-७ ला तुम्हीच विचारायचं, समोर तीन चेहऱ्यांचा कागद ठेवून: हसरा, मधला, रडका. सुरुवातीला चुटकी वाजवायला जड जातं का असा सरावाचा प्रश्न आहे, आणि नंतर चुटकी वाजवून दाखवायला सांगायचं. तो गाळू नका. 'अजिबात नाही' म्हणणाऱ्याला चुटकी येत नसेल, तर त्याला चेहरे कळले नाहीत, पुन्हा समजवा. आणखी एक लबाडी मुलांची: हसरा चेहरा आवडतो म्हणून तिथेच बोट ठेवत जातात. सलग आठ प्रश्नांना एकच बोट आलं की थांबा, पाणी पाजा, चुटकीपासून पुन्हा सुरू करा.

मलप्रभाकाठ

फिजिओताई, आंघोळीच्या प्रश्नाचं काय करता? आपल्याकडे सात-आठ वर्षांपर्यंत आईच न्हाऊ घालते. घरकामाचंही तसंच, आजारी पोराला कोणी काम सांगतच नाही. प्रश्न 'जड जातं का' आहे, उत्तर मिळतं 'करत नाही'. मी तर म्हणेन इथे प्रश्न थोडा आपल्या पद्धतीने फिरवावा.

फिजिओ_वॉर्ड

फिरवू नये. फिरवला की तो दुसराच प्रश्न झाला, आणि प्रत्येक नर्स आपापल्या परीने फिरवणार. प्रश्न होता तसा पुन्हा वाचायचा, पर्याय पुन्हा दाखवायचे, एवढंच.

मलप्रभाकाठ

पुन्हा वाचून जर पोर पुन्हा "आई घालते" म्हणालं तर? रिकामा सोडायचा? निम्म्या मुलांचा तोच प्रश्न रिकामा येईल.

आकडेमोड

दोघींचं थोडं थोडं बरोबर आहे. एका पानाची सूचनावही करा. त्यात अशा चार-पाच प्रश्नांपुढे एकच ठरलेलं पूरक वाक्य, मराठीत आणि कन्नडमध्ये: "तू एकट्याने केलंस तर जड जाईल का?" मूळ प्रश्न दोनदा वाचल्यानंतरच ते वापरायचं आणि वापरलं की प्रश्नाशेजारी फुली. कोणत्या प्रश्नाला किती फुल्या पडल्या ते प्रबंधात द्या, परीक्षकाला आवडतं. तरीही उत्तर नाही मिळालं तर रिकामा.

दातओठ_निपाणी

मध्येच घुसतोय. पाच वर्षांखालच्या मुलांच्या किडक्या दातांसाठी एकोहिस ही प्रश्नावली वापरतोय, त्यालाही हेच नियम का?

आकडेमोड

बरेचसे. दोन फरक जपा. एकोहिस फक्त पालकांना विचारतात, १३ प्रश्न, बेरीज ० ते ५२, आणि जास्त आकडा म्हणजे जास्त त्रास. पेड्सक्यूएलमध्ये जास्त म्हणजे चांगलं. दोन्ही एका तक्त्यात मांडताना सहसंबंध उणे आला की घाबरू नका. दुसरं, त्यात 'माहीत नाही' ला ५ हा सांकेतिक अंक असतो. तो बेरजेत धरायचा नाही. एखाद्याची बेरीज ५२ च्या वर गेली तर हेच झालंय असं समजा.

आता मूळ धाग्याकडे, गुणांकन. उत्तरं ० (कधीच नाही) ते ४ (जवळपास नेहमी). उलटवून ० चे १००, १ चे ७५, २ चे ५०, ३ चे २५, ४ चे ०. भागाचा गुण म्हणजे उत्तर दिलेल्या प्रश्नांची सरासरी. भागातले निम्म्याहून जास्त प्रश्न रिकामे असतील तर त्या भागाचा गुण काढायचाच नाही. उदाहरणार्थ शारीरिक भागात आठपैकी सात उत्तरं: ०, १, ०, २, ४, १, ०. उलटवून बेरीज ५००, भागिले ७, म्हणजे ७१.४. आठने भागायचं नाही.

इथे तीन ठिकाणी हमखास घसरतात.

रिकामी चौकट. 'शंभर वजा पंचवीस गुणिले चौकट' असं सूत्र ओढलं की एक्सेल रिकाम्या चौकटीला शून्य मानतं आणि १०० देऊन टाकतं. ज्या मुलाने उत्तर दिलं नाही ते सगळ्यात सुखी ठरतं! चौकट रिकामी असेल तर निकालही रिकामा, ही अट सूत्रात घाला. त्याच चौकटीत ९९ टाकून ठेवणारे तर आणखी थोर. तिथे गुण उणे दोन हजारांच्या खाली जातो, निदान दिसतो तरी.

५-७ चे तीन चेहरे. त्यांचे अंक ०, २, ४ आहेत. भरणारा ०, १, २ भरतो. ओळखायची खूण: त्या गटात एकाचाही गुण ५० च्या खाली नसेल तर फाईल परत उघडा.

एकूण गुण. चार भागांच्या गुणांची सरासरी म्हणजे एकूण गुण नव्हे, सगळ्या २३ प्रश्नांची सरासरी घ्यायची. शारीरिक ८७.५, भावनिक ६०, सामाजिक ८०, शाळा ५० असं धरा. चारची सरासरी ६९.४ येते. खरा हिशोब ७०० + ३०० + ४०० + २५० = १६५०, भागिले २३, म्हणजे ७१.७. मनोसामाजिक गुण (भावनिक, सामाजिक आणि शाळा मिळून) ९५० भागिले १५, ६३.३. फरक २.३ चा वाटतो, पण अर्थपूर्ण बदलाची किमान मर्यादा मुलाच्या फॉर्मसाठी ४.४ आणि पालकांच्या ४.५ धरतात. निम्मा फरक तुम्ही हिशोबाच्या चुकीतच खाल्लात.

डेकेअर_बेळगाव

सर, एकूण गुण ६९.७ च्या खाली म्हणजे 'धोक्यात' असं वाचलं. तो आकडा वापरू?

आकडेमोड

तो अमेरिकेतल्या मुलांच्या सरासरीतून एक प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) वजा करून आलेला आहे, पालकांसाठी ६५.४. चिकोडीच्या मुलाला तो लावून 'इतके टक्के धोक्यात' लिहू नका. इथल्याच शाळांतली, त्याच वयाची, त्याच तालुक्यांची निरोगी मुलं तुलनेला घ्या. भावंडं घेण्याचा मोह होतो, सोयीचं असतं, पण घरातल्या आजाराचा ताण त्यांच्यावरही असतो.

संख्येचं गणित: दोन गटांत ४.५ चा फरक पकडायचा, प्रमाण विचलन १५ धरलं, ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता), ५ टक्के पातळी (नसलेला फरक दिसण्याची शक्यता), तर प्रत्येक गटात सुमारे १७५ मुलं. एका डेकेअरला जमणार नाही. १० चा फरक पकडायचा असेल तर ३६ पुरतात. थॅलेसीमिया आणि निरोगी यांत १० चा फरक अपेक्षित धरता येईल, पण फेरिटिन जास्त आणि कमी अशा दोन उपगटांत तो मिळेल असं गृहीत धरू नका. सहा महिन्यांचा बदल त्याच मुलांत असल्याने गणित वेगळं, त्याला पहिल्या-दुसऱ्या मोजमापांतला सहसंबंध लागतो.

शाळेच्या गटात दुसरी भानगड: निरोगी मुलांचे गुण १०० कडे गोळा होतात. शिक्षक वर्गात मागे उभे असले की जास्तच.

फिजिओ_वॉर्ड

शिक्षकांना बाहेर चहा द्या, नम्रपणे. आणि फॉर्मवर नाव नको, क्रमांक. सामाजिक भागात चिडवणं, खेळात न घेणं हेच प्रश्न आहेत. मास्तरांच्या हातात जाईल असं वाटलं तर कोण खरं लिहील?

डेकेअर_बेळगाव

आई आणि मूल यांचे गुण जुळले नाहीत तर कोणाचे खरे?

आकडेमोड

दोन्ही द्यायचे, सरासरी काढायची नाही. जे डोळ्यांना दिसतं, म्हणजे चालणं, पळणं, दमणं, त्यात बऱ्यापैकी जुळतं. भीती, काळजी, उदासी यांत कमी. दीर्घ आजार असलेल्या मुलांचे पालक साधारण मुलापेक्षा कमी गुण देतात. मूल उत्तर देऊ शकत असेल तर मुख्य निष्कर्ष मुलाच्या फॉर्मवर.

जुळणी पिअर्सनच्या सहसंबंधाने दाखवू नका. प्रत्येक आईने मुलापेक्षा नेमके २० कमी दिले तरी पिअर्सन १ येईल. आयसीसी (दोघांचे आकडे खरोखर किती जुळतात ते सांगणारा गुणांक) काढा, कोणत्या प्रकारची ते लिहा, सोबत ब्लँड-ऑल्टमनचा (दोघांच्या गुणांतला फरक दाखवणारा) आलेख. आणि फॉर्म भरणारा कोण, हा रकाना हवाच. मामा दोन महिन्यांतून एकदा भेटत असेल तर त्याला पालकाचा फॉर्म देऊ नका. जो मुलाजवळ रोज असतो तो. पुढच्या वेळीही तोच.

मलप्रभाकाठ

इथे ऊसतोडीचं ध्यानात घ्या. हंगाम सुरू झाला की काही घरांतले आई-बाप फडावर, मूल आजीकडे. जुलैत आईने भरलेला फॉर्म जानेवारीत आजीकडे येतो. नावनोंदणीलाच विचारा: "संक्रांतीच्या सुमारास मूल कोणाजवळ असेल?" आजीजवळ असणार असेल तर जुलैतही आजीला बोलवा, नाही जमलं तर त्या जोड्या पालकांच्या तुलनेतून वगळा. मुलाचा फॉर्म चालू राहतो.

संमतीही त्यात अडकते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ च्या मुलाची तोंडी अनुमती पालकांसमोर, १२ ते १८ ची लेखी, आणि पालकांची संमती वेगळी. मामाची सही म्हणजे पालकांची नव्हे. संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हीत छापा आणि आई वाचते त्या भाषेतलं द्या.

फिजिओ_वॉर्ड

एक निरीक्षण 'दुखणं' या प्रश्नावर. डेफेरिप्रोन हे लोह कमी करणारं औषध घेणाऱ्या मुलांचे सांधे दुखू शकतात. "गुडघे दुखूलेत" म्हणणाऱ्याचा शारीरिक गुण घसरतो तो कमी हिमोग्लोबिनमुळे असेलच असं नाही. कोणतं औषध चालू आहे हा रकाना नसेल तर सगळं खापर रक्ताच्या कमतरतेवर फुटतं. हे सांधेदुखीचं उत्तर त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घाला, सहा महिन्यांनी तक्त्यात नको. भावनिक भागात पाचही प्रश्नांना ३-४ आले तरी तसंच.

शाळेच्या भागात 'दवाखान्यात जायचं म्हणून शाळा बुडली' हा प्रश्न तुमच्या प्रत्येक मुलाला खाली ओढणार. तो आजाराचा नाही, उपचाराच्या वेळेचा भार आहे. प्रश्नवार तक्ता द्या म्हणजे दिसेल. डेकेअर रविवारी चालू ठेवता येतं का, हा प्रश्न त्यातूनच विचारता येतो.

डेकेअर_बेळगाव

सगळ्यांचे आभार, वेळापत्रक जुलैपासून लावते. शेवटचं: जुलैत ७ वर्षं ११ महिने असलेलं मूल जानेवारीत ८ चं होणार. फॉर्म बदलायचा का? आणि बोलू न शकणारं एखादं मूल?

आकडेमोड

त्या दिवशीच्या वयाचा फॉर्म द्या, म्हणजे बदलायचा. गुण त्याच ० ते १०० पट्टीवर येतात, पण तीन चेहऱ्यांवरून पाच पर्यायांवर गेल्याने थोडा फरक निव्वळ त्यामुळेही पडतो. अशा मुलांपुढे खूण करा आणि विश्लेषण त्यांच्यासह व त्यांच्याविना असं दोनदा चालवा.

बोलू न शकणाऱ्याचा फक्त पालकांचा फॉर्म घ्या, मुलाच्या तक्त्यात तो मिसळू नका. मूल हातवारे करून चेहरे दाखवत असेल तर चुटकीच्या प्रश्नाने तपासा. जमलं तर त्याचाही फॉर्म होतो.

चंदगडी

आणि जुलैत फोन करून तारीख द्या. पावसात चोर्ला घाट किंवा तिलारीकडचा रस्ता बंद पडला की कोणी त्या आठवड्यात येत नाही, मग दोन पिशव्यांमधलं अंतर वाढतं आणि हिमोग्लोबिन आणखी खाली. तो 'किती दिवस झाले'चा रकाना तेव्हा उपयोगी पडेल.